ऊन पाणी येईपर्यंत

नीतिशास्त्राचे प्रश्न कोठे भेटावेत ह्याविषयी आमच्या कल्पना पूर्वी फार उंच होत्या. अठ्ठावीस वर्षे महाविद्यालयात आम्ही कर्तव्य, न्याय आणि स्वातंत्र्य हे शब्द फळ्यावर लिहीत आलो, आणि इंग्रजी ग्रंथांतील बुडती जहाजे व खरे बोलावे की खोटे अशा पेचात सापडलेले सज्जन ह्यांच्या आधाराने विद्यार्थ्यांची बुद्धी घासून धारदार करण्याचा उद्योग करीत आलो. परंतु ज्या एका प्रश्नाने गेल्या हिवाळ्यात आमची झोप खरोखर मोडली, तो आम्हांस न्हाणीघरात भेटला. तोटी सोडल्यापासून ऊन पाणी हाताला लागेपर्यंत जो वेळ जातो, त्या वेळात तो दडून बसला होता. विषय हलका आहे हे आम्ही आधीच कबूल करतो. वाचकांनी शेवटपर्यंत सोबत केली तर तो किती हलका आहे ते त्यांचे त्यांनीच ठरवावे.

अंबाजोगाई बालाघाटाच्या पठारावर असल्यामुळे मार्गशीर्ष-पौषात येथील पहाट चांगली झोंबते. घर आम्ही 2011 साली बांधले. गच्चीच्या दक्षिण कोपऱ्यात, जेथे दिवसभर ऊन असते तेथे, सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापविणारा बंब बसविला. त्याला आता सगळे नुसते ‘सोलर’ म्हणतात. न्हाणीघर मात्र तळमजल्यावर, उत्तरेच्या अंगाला. ह्या दोहोंमधली नळी गच्ची ओलांडून, जिन्याच्या भिंतीतून उतरून, स्वयंपाकघराला वळसा घालून एकंदर सव्वीस मीटरांचा प्रवास करते. बंबात आदल्या दिवशीचे पाणी कढत असते, ह्यात शंका नाही. पण नळीत रात्रभर निजलेले गार पाणी आधी बाहेर पडल्यावाचून मागचे ऊन पाणी पुढे येणार कसे? पाऊण इंची नळीत मीटरमागे सुमारे 0.3 लिटर पाणी मावते. म्हणजे नुसत्या नळीतलेच आठ लिटर झाले. शिवाय लोखंडाची गार नळी स्वतः तापून घेतल्याशिवाय पुढच्याला ऊब लागू देत नाही. आम्ही मापून पाहिले तेव्हा प्रत्येक खेपेस सुमारे बारा लिटर पाणी वाहून जात होते. आम्ही साडेपाचला स्नान करतो, सौभाग्यवती सातला, चिरंजीव साडेआठला. मधल्या काळात नळी पुन्हा निवते. म्हणजे रोज दोन मोठ्या बादल्या.

ह्यात एक गंमत आहे, ती आम्हांस फार उशिरा कळली. नळी जितकी रुंद तितके पाणी लवकर येईल, असे बांधणाऱ्याने सांगितले होते, आणि आम्ही चार पैसे जास्त देऊन रुंद नळी घेतली होती. धार मोठी येते हे खरे. पण वाटेत अडकून राहणारे पाणीही तितकेच वाढते. व्यास निम्मा केला तर साठा चौथाईवर येतो. भूमितीतील हा साधा नियम शाळेत आम्ही पाठ केला होता. न्हाणीघरात त्याचा काही संबंध असेल असे मात्र कधी वाटले नाही. विजेवर पाणी तापविणाऱ्या यंत्राला आपण ‘गीझर’ म्हणतो. तो शब्द मुळात आइसलंडातील एका उसळत्या ऊन झऱ्याचे नाव आहे, आणि 1868 साली लंडनच्या एका कारागिराने आपल्या नव्या बंबाला तो दिला. आपल्या मराठवाड्यातही उनकेश्वरास जमिनीतून ऊन पाणी आपसूक येते. नावे अशी निसर्गाच्या औदार्याची घ्यावयाची आणि तोटीखाली हात धरून तीन मिनिटे कुडकुडत उभे राहावयाचे, अशी आमची आधुनिकता आहे.

असा विचार मनात आला की वडिलांच्या घरचा तांब्याचा बंब आठवतो, आणि तो आठवला की बहुतेक लेखकांची लेखणी पाझरू लागते. आमचीही लागली असती. केज तालुक्यातल्या त्या घरी परसात चिंचेखाली बंब असे. मधल्या नळकांड्यात तुराट्या, पऱ्हाट्या, गोवरीचे तुकडे जळत आणि धुराचा वास पाण्यालाही लागे. घंगाळात कढत पाणी ओतून त्यात विसण घालावयाचे व तांब्या-तांब्याने अंगावर घ्यावयाचे. त्या स्नानात एक थेंबही वाया जात नसे. पाणी आडातून शेंदून आणावे लागे, म्हणून सांडलेल्या प्रत्येक तांब्याबरोबर आडापर्यंतची वाट आठवे, हे सर्व खरे. पण ती वाट कोणाला आठवे? आमच्या आजीला. ती चारला उठून पाणी शेंदी, बंब पेटवी, आणि पुरुषांची स्नाने उरकल्यावर उरलेल्या कोमट पाण्यात आपले स्नान उरकी. आम्हांस, आमच्या वडिलांस किंवा आजोबांस पाण्याची किंमत त्या काळीही ठाऊक नव्हती. ती ठाऊक असणारे माणूस घरात होते, एवढेच. तेव्हा जुन्या काळी लोक काटकसरी होते असे जे आपण म्हणतो, त्यातले ‘लोक’ म्हणजे कोण हे एकदा विचारून घ्यावे.

असो. रोज दोन बादल्या पाणी कोठेही वाया गेले तरी वाईटच; पण बीड जिल्ह्यात ते जाणे म्हणजे निराळीच गोष्ट आहे. आमच्या गावाला पाणी येते ते केज तालुक्यातील धनेगावच्या मांजरा धरणातून. 2016 साली ते धरण कोरडे पडले, आणि त्याच धरणावर अवलंबून असलेल्या लातुरास एप्रिल महिन्यात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. त्याच्या आदल्या वर्षी परळीचे औष्णिक वीजकेंद्र पाण्यावाचून बंद पडले होते. आमच्या जिल्ह्यातला सर्वांत मोठा बॉयलर तो! कोळसा होता, यंत्रे होती, माणसे होती. तापवायला पाणी नव्हते. ज्या मुलखात एवढा मोठा बंब तहानेने विझतो, तेथे आमच्या न्हाणीघराच्या मोरीतून रोज सुमारे छत्तीस लिटर स्वच्छ पाणी जावे, आणि तेही कोणाच्या उपयोगी पडून नव्हे तर केवळ वाट मोकळी करण्यासाठी, ही गोष्ट मनाला टोचल्यावाचून राहीना.

वास्तविक ते मोरीत फार दिवस गेलेच नाही. पहिल्या हिवाळ्यातच सौभाग्यवतींनी तोटीखाली बादली ठेवण्यास आरंभ केला होता. त्या दोन बादल्यांचे पुढे काय होते ह्याची चौकशी करण्याचे आम्हांस कधी कारण पडले नाही. पुरुषाला घरातल्या पाण्याचा मार्ग तोटीपासून अंगापर्यंतच ठाऊक असतो. आमच्याकडे धुणीभांडी करावयास ज्या बाई येतात, त्यांना घरात सर्वजण मावशी म्हणतात. मागच्या वस्तीत त्यांचे घर आहे. दिवाळी झाली की त्यांचा मुलगा व सून ऊसतोडीला जातात; मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडण्यासाठी नवरा-बायकोचा एक कोयता पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात पाच-सहा महिने राबतो. दोन नातवंडे आणि एक शेळी मावशींच्या गळ्यात. बरोबर ज्या महिन्यांत आम्हांस ऊन पाणी लागते, त्याच महिन्यांत त्यांच्या घरी पाणी आणणारे दुसरे माणूस नसते. आमची ती वाट पाहण्याची दोन बादल्या मावशी जाताना कळश्यांत भरून नेत असत. कोणी द्या म्हटले नव्हते, कोणी घ्या म्हटले नव्हते. इतकी वर्षे हे चालले होते आणि आम्हांस त्याचा पत्ता नव्हता.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या विवेकबुद्धीने उचल खाल्ली. चिरंजीव अभियंते आहेत; त्यांनी कागदावर आकृती काढून दाखविली. नवी नळी अर्धा इंची घ्यावी, ती गच्चीवरून बाहेरच्या भिंतीने सरळ खाली न्हाणीघरात उतरवावी, म्हणजे सव्वीस मीटरांचे नऊ होतील; वर उष्णतारोधक वेष्टण घालावे, म्हणजे ती लवकर निवणार नाही. आठ लिटरांच्या ठिकाणी दीड-पावणेदोन लिटर राहतील. धार थोडी बारीक होईल, तेवढे सोसावे. दोन दिवसांत काम झाले. तिसऱ्या दिवशी पहाटे तोटी सोडल्याबरोबर बोटांना ऊब लागली, आणि काय सांगावे, एखादे सत्कृत्य हातून घडल्याचे समाधान आम्हांस त्या पाण्याबरोबर अंगभर मिळाले. महाविद्यालयात त्या दिवशी आम्ही संयम ह्या विषयावर विशेष चांगले बोललो.

मावशींना रिकामी बादली दिसली ती त्याच दिवशी. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी भांडी पुसता पुसता त्यांनी विचारले, “सर, पाणी आता लगेच ऊन येतंय व्हय?” आम्ही मोठ्या उत्साहाने त्यांना नळीचा सारा इतिहास सांगितला. “बरं झालं की,” त्या म्हणाल्या, आणि रिकाम्या कळश्या उचलून गेल्या. तेव्हा सौभाग्यवतींनी आमच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, तिचे वर्णन करण्याचे कारण नाही.

दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतींनी टाकीच्या तोटीवर दोन बादल्या भरून ठेवल्या व म्हणाल्या, “मावशी, हे घेऊन जा.” मावशी म्हणाल्या, “नको वहिनी, टाकीचं कशाला? टँकरला तुम्हालाबी पैसे पडत्यात.” फार आग्रह केला तेव्हा एक दिवस नेले. त्या दिवशी त्यांनी अंगण दोनदा झाडले आणि माळ्यावरची तांब्याची भांडी न सांगता चिंचेने घासून ठेवली. दुसऱ्या दिवशी पाणी नेले नाही.

येथे चिरंजीवांचा आणि आमचा वाद झाला. त्यांचे म्हणणे सरळ होते. पूर्वी मावशींना दोन बादल्या मिळत होत्या, आताही मिळत आहेत. पाणी तेच, माप तेच. त्या घेत नसतील तर तो त्यांचा संकोच आहे, आणि संकोचावर नळीवाल्याकडे उपाय नाही. हिशोबाच्या दृष्टीने ह्यात चूक काढता येत नाही. उपयुक्ततावादाचे जे ग्रंथ आम्ही आयुष्यभर शिकविले, तेही आमच्या चिरंजीवांच्याच बाजूने उभे राहिले असते. तरीही दोन बादल्यांतला फरक मावशींना कळत होता व आम्हांस उमजत नव्हता. मग चूक कोणाच्या शास्त्रात होती?

आपल्याकडे शेतातले पीक काढून नेल्यावर जी कणसे मागे पडलेली राहतात, त्यांना सरवा म्हणतात. सरवा वेचणाऱ्या बाईला बांधावरून कोणी हटकीत नाही, आणि तीही कोणाचे आभार मानीत नाही. यहुदी लोकांच्या धर्मशास्त्रात शेताच्या कडा कापू नयेत व पडलेली कणसे उचलू नयेत, ती गरिबांची व परक्यांची, अशी आज्ञाच आहे. आमच्या मनूने तर ह्याला नावे दिली. पडलेले दाणे वेचून राहण्याच्या वृत्तीला त्याने ‘ऋत’ म्हटले, न मागता मिळेल त्याला ‘अमृत’, आणि मागून मिळविलेल्या भिक्षेला ‘मृत’. मनुस्मृतीशी आमचे भांडण जुने आहे, व ही सारी प्रतिष्ठा तिने ब्राह्मणाच्या पोटापुरतीच राखून ठेवली आहे, मावशींसारख्यांचा तीत विचारही नाही. परंतु ह्या तीन शब्दांची प्रतवारी लावणाऱ्याला माणसाचे मन कळत होते हे कबूल केले पाहिजे. वैशेषिक दर्शनाच्या कणादाचे नाव दाणे वेचून खाण्यावरून पडले असे परंपरा सांगते. महाभारताच्या अखेरच्या भागात जो मुंगूस युधिष्ठिराच्या अश्वमेधाला हसतो, त्याचे अर्धे अंग सोन्याचे झाले ते सरवा वेचणाऱ्या एका गरीब घरात सांडलेल्या पिठापाण्यात लोळून. राजाच्या यज्ञातल्या दानाने उरलेले अर्धे अंग काही सोन्याचे होईना.

आमच्या न्हाणीघरातील बादली हा मावशींचा सरवा होता. आम्ही ती भरीत नव्हतो, ती आपोआप भरत होती, आणि म्हणून ती उचलताना मावशींच्या हाताला कोणाचाही हात लागत नव्हता. टाकीवर भरून ठेवलेली बादली मात्र दान होती. दुसऱ्याची उचल घेऊन ज्या घरातील दोन माणसे दर वर्षी सहा-सहा महिने परमुलखात राबतात, त्या घरातल्या बाईला कोणाच्या हातून काही घेणे म्हणजे काय हे आमच्याहून अधिक ठाऊक असणार. घेतले की फेडावयाचे. म्हणून अंगण दोनदा झाडले गेले.

सतराव्या शतकात लॉकने मालकीची मर्यादा सांगितली होती, ती येथे आठवते. जे नासण्यापूर्वी आपल्या उपयोगात येईल तेवढ्यावरच आपला हक्क, त्यापलीकडचे इतरांचे. हा नियम लावला तर त्या दोन बादल्या आमच्या कधी नव्हत्याच. आमच्या दुरुस्तीने पाणी वाचले असे आम्ही म्हणत होतो. खरे पाहता तिने जे आमचे नव्हते ते आमचे केले. पूर्वी ते वाहून जाणारे पाणी होते, आता ते टाकीत आमच्या नावावर जमा होऊ लागले. काटकसर हा सद्गुण आहे ह्यात वाद नाही, पण तो मालकाचा सद्गुण आहे, आणि त्याचे फळही मालकाच्याच टाकीत पडते, हे आमच्या लक्षात आले नव्हते.

सौभाग्यवतींनी सुचविले की जुनी नळीच पुन्हा जोडावी. आम्हांस बायबलातील रूथची गोष्ट आठवली: शेतमालक बोअज आपल्या गड्यांना सांगतो की ती वेचीत असता पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम पाडा. गोष्ट फार सुंदर आहे. तरी मुद्दाम पाडलेले कणीस सरव्याचे सोंग घेते. आणि ज्यांच्याशी इतकी वर्षे एका स्वयंपाकघरात व्यवहार आहे त्यांच्याशी रोज सकाळी असे सोंग करावे, हे आम्हांस जमले नसते. कांटचे नाव घेण्याची गरज नाही. मावशींनी दोन दिवसांत ओळखले असते.

शिवाय ह्या सरव्याचे फार गोडवे गाण्याचा आम्हांस अधिकार नाही, ह्याचेही कारण सांगितले पाहिजे. 2015 चा हिवाळा आला तेव्हा गावात टँकर सुरू झाले होते. त्या वर्षी आम्ही त्या दोन बादल्या घरातच ठेवू लागलो. भाजी धुवावयास, लादी पुसावयास, झाडांना. म्हणजे ज्या वर्षी मावशींना पाण्याची सर्वांत अधिक गरज होती, त्याच वर्षी त्यांचा सरवा आम्ही स्वतः वेचून घेतला. त्या टँकरच्या रांगेत उभ्या राहिल्या, कामाला उशिरा आल्या, आणि उशिराबद्दल आम्ही त्यांना एकदा बोललोही. उशीर का होतो हे विचारले नाही. जो हक्क धन्याच्या गबाळेपणावर उभा असतो, तो धनी शहाणा झाला की बुडतो आणि दुष्काळ पडला की आधी बुडतो. तेव्हा पूर्वी सर्व छान होते आणि आम्ही दुरुस्ती करून बिघडविले, असेही नाही.

बीडची खजाना बावडी वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असेल. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात ती बांधली गेली. दोन भुयारी वाटांनी पाणी तीत येते आणि तिसरीने, कोणी न उपसता, उताराने बाहेर शेतांकडे जाते. लहानपणी सहलीला गेलो असता गुरुजींनी आम्हांस ती बांधकामाचा चमत्कार म्हणून दाखविली. आता आम्हांस तीतली तिसरी वाट अधिक नवलाची वाटते. ती ज्याने काढली त्याला कोणत्या शेतकऱ्याचे शेत भिजेल हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि शेतकऱ्यालाही कोणाच्या दाराशी जावे लागत नव्हते.

जुनी नळी भिंतीत तशीच होती. तिचा एक वळसा स्वयंपाकघरामागून, परसाच्या भिंतीजवळून जातो. पौषात आम्ही नळीवाल्यास पुन्हा बोलाविले, ती नळी बंबाऐवजी टाकीला जोडली, आणि भिंतीतून आरपार काढून बाहेर गल्लीच्या बाजूला एक तोटी बसविली. खाली एक फरशी टाकली. पाटी लावली नाही. चिरंजीवांना ती लावावयाची होती. मावशींना त्याविषयी एक अक्षर सांगितले नाही. आठ-दहा दिवस त्या तोटीकडे कोणी फिरकले नाही. मग शेजारी घर बांधणारे गवंडी हातपाय धुऊ लागले, शाळेतून येणारी मुले ओंजळी लावू लागली, एक दिवस शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्याने तेथे घमेले भरले. इतक्या जणांनी ती वापरल्यानंतर एका सकाळी मावशींची कळशी तिच्याखाली आली.

पुढच्या दुष्काळात त्या तोटीचे काय करावयाचे ह्यावर घरात अजून एकमत झालेले नाही. चिरंजीव म्हणतात, टाकीलाच पाणी नसेल तर प्रश्नच उरत नाही. सौभाग्यवती म्हणतात, प्रश्न तेव्हाच उरतो. आम्ही मागच्या खोलीत लिहावयास बसतो, तेथे त्या तोटीचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. कळशी भरत आली की धारेचा सूर चढत जातो. ती कळशी किती लिटरांची आहे हे आम्हांस आता पाठ झाले आहे, आणि दर वेळी लेखणी थांबवून आम्ही मोजतो.